मळ्यावरील चहागृह

पाहुणा दारात आला म्हणजे प्रथम पायांवर पाणी, मग गुळाचा खडा व तांब्याभर पाणी, ही आमच्या भीमथडीची जुनी रीत. चहाचा शिरकाव या रीतीत पुष्कळ उशिरा झाला. खेड्यांची गोष्ट राहो, पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरीही सन 1890 मध्ये पंचहौद मिशनात काही प्रतिष्ठित मंडळी जमली, तेथे चहा फिरविण्यात आला, आणि त्यावरून केवढे ग्रामण्य माजले हे सर्वश्रुत आहे. हजर असलेल्यांची यादी गोपाळराव जोशी यांनी 'पुणेवैभव' पत्रात प्रसिद्ध करविली. तीत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांचीही नावे होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तावर आले. आक्षेप चहाच्या पाल्यास नव्हता, तो कोणाच्या घरी व कोणाच्या हातचा घेतला यास होता.

पुढे आगगाडीने व चहामळेवाल्यांच्या जाहिरातींनी हा पाला खेडोपाडी नेऊन पोचविला. दौंडास तर सन 1878 मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेल्यापासून उतारूंची वर्दळ. तेव्हा स्टेशनावरील चहाची चव आमच्या तालुक्यास इतरांच्या आधी लागली असल्यास नवल नाही. आज ज्या घरी चहा होत नाही असे घर दाखविणे कठीण. त्यामुळे जुना प्रश्न उलटा होऊन आमच्यापुढे उभा राहिला आहे. चहा कोणाच्या घरी घ्यावा हे आता कोणी विचारत नाही. आपल्या मळ्यावर, आपल्या ओसरीत, आलेल्या माणसास चहा विकत द्यावा की नाही, हे मात्र पुष्कळ शेतकरी बंधू एकमेकांस विचारू लागले आहेत. माझी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली, त्यामुळे मजकडेही हा प्रश्न सात-बाराचा उतारा हाती धरूनच येतो. सबब पाहून आलो ते येथे लिहितो.

इंग्लंडात ही चाल कशी पडली ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण आपल्याकडील पुष्कळ शहरी लोक तिकडील चित्रे पाहूनच मळ्यावर येऊ लागले आहेत. तिकडील बडे जमीनदार म्हणजे हजारो एकरांचे धनी; परंतु मालक मेल्यावर वारसावर जो कर बसे तो दोन महायुद्धांनंतर इतका जबर झाला की वाडे राखणे अशक्य झाले. लाँगलीट येथील उमरावाने सन 1949 मध्ये आपला वाडा पैसे घेऊन लोकांस पाहावयास खुला केला. वोबर्न येथील बेडफर्डच्या ड्यूकने सन 1955 मध्ये तेच केले. वाडा पाहून दमलेल्या माणसास बसावयास जागा व घोटभर चहा हवा, म्हणून अशा इस्टेटींवर चहागृहे निघाली. दुपारच्या चहाची चालच मुळी त्याच्याही सुमारे शंभर वर्षे आधी याच बेडफर्ड घराण्यातील एका बाईसाहेबांनी पाडली असे तिकडे सांगतात. म्हणजे ज्या घरात चहा हा मानाचा विषय होता, त्याच घरास पुढे चहा विकून कौले शाकारावी लागली. आमच्याकडे न उमराव, न हजार एकर. तथापि जमीन हातची जाऊ नये म्हणून चहा विकणे, हे कारण दोहोंकडे एकच आहे.

आपल्या जिल्ह्यात याची सुरुवात बारामतीकडून झाली. पांडुरंग तावरे यांनी सन 2005 च्या सुमारास पळशीवाडी येथे शेतावर पाहुणे आणण्याचा उद्योग मांडला आणि त्यास कृषी पर्यटन हे नाव रूढ झाले. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव तर आता पुण्या-मुंबईच्या मुलांस ठाऊक झाले आहे. पुण्याहून सुमारे 50 ते 55 किलोमीटर, चिंचेची जुनी झाडे, आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारे मोर. तेथील कित्येक शेतकऱ्यांनी आपल्या वस्तीवर न्याहारी, चहा, पिठले-भाकरी व हिवाळ्यात हुरडा अशी सोय केली आहे. मोर पिकाची नासधूस करतो हे कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु ज्या गावाने त्यास दाणा घातला त्या गावास त्याने गिऱ्हाईक आणून दिले. मात्र पाहुण्यांनी तेथे जाऊन मोरामागे धावू नये. तो सन 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे व सन 1972 च्या कायद्याने त्यास संरक्षण आहे. पावसाळा सरला की त्याचा पिसारा गळतो. तेव्हा मार्गशीर्षात जाऊन 'मोर नाचत का नाही' म्हणून मळेवाल्याशी हुज्जत घालणाऱ्यांस काय म्हणावे?

चिंचोलीचे नाव झाले आहे. तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. मला पाहावयाचे होते ते मोर नाहीत, डोंगर नाही, देवस्थान नाही, अशा साध्या बागायती मळ्यावरील चहागृह. तसे एक शिरूरहून न्हावरे, पारगाव, केडगाव यांवरून चौफुल्यास येणाऱ्या रस्त्यावर दौंडच्या हद्दीत आहे. मालकांच्या इच्छेवरून गावाचे व त्यांचे नाव देत नाही. हा मुलूख भीमेच्या उजव्या अंगाचा. शेजारी राहू बेट, म्हणजे भीमा व मुळा-मुठा यांच्या दुआबाची भारी काळी जमीन, जेथे ऊस आणि गुऱ्हाळे यांचेच राज्य आहे. रस्त्याने जाताना उसाच्या मळीचा गोड-आंबूस वास नाकास लागला की राहू बेट जवळ आले असे समजावे.

मळा अकरा एकरांचा. रस्त्यास लागून सुमारे चाळीस गुंठ्यांचा तुकडा, त्यात जुने दगडी इंजिनघर. पूर्वी येथे तेलावरचे इंजिन असे. वीज आल्यावर ते निरुपयोगी होऊन आत पेंड व खताची पोती पडत. त्याच इंजिनघरास आतून चुना देऊन, वर नवा पत्रा घालून, समोर लिंबाच्या झाडाखाली शहाबादी फरशीचे कट्टे बांधले, एवढेच काय ते चहागृह. टेबले नाहीत. कट्ट्यावर बसावे, समोर ऊस पाहावा, चहा प्यावा. मागे शंभर पावलांवर त्यांचे गुऱ्हाळ आहे, ते हंगामात चालू असते व पाहुण्यांस हिंडून पाहता येते.

मी गेलो तेव्हा काहिलीत रस उकळत होता. चुना व भेंडीच्या खोडाचे पाणी घालून गुळव्याने मळी वर आणली होती व झाऱ्याने ती काढीत होता. चुलवणात चिपाड कोंबणारा गडी घामाने भिजलेला. शहरातून आलेली चार मुले डोळे विस्फारून उभी होती. रस आटत 118 अंशांच्या आसपास आला म्हणजे गूळ उतरावयाचा असतो. पण येथील गुळव्या यंत्र पाहत नाही, पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून पाहतो. एका टन उसास सुमारे 100 ते 120 किलो गूळ पडतो. हा गूळ तपकिरी, किंचित काळसर असतो. बाजारात पिवळा धमक गूळ मागतात म्हणून हायड्रॉसची पूड घालण्याची, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वस्त साखर रसात ओतून ढेपा पाडण्याची खोड आमच्या तालुक्यास लागली आहे, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कारवायांमुळे तिची शोभाही झाली आहे. या मळ्यावर पाहुणा काहिलीजवळ उभा राहून पाहतो, म्हणून तरी ती सोय नाही. मालक हसून म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या खात्याची तपासणी वरसातनं एकदा, ह्या पोरांची रोज."

आता चहा. गुळाचा चहा हा आता जागोजागी मिळतो, पण निम्म्या ठिकाणी तो फाटतो. गूळ दुधाबरोबर उकळला की त्यातील आंबटपणाने दूध नासते. येथे थोरली सून चहा करते. तिची रीत अशी: पाण्यात आले, गवती चहा, चहाची पूड व गूळ एकत्र उकळून गाळून घ्यावयाचे, दूध निराळ्या पातेल्यात तापवून ठेवावयाचे, जाळ बंद केल्यावर दोन्ही एकत्र करावयाचे व लगेच द्यावयाचे, पुन्हा चुलीवर ठेवावयाचे नाही. गूळ जुना असला वा पावसाळी हवेने पाघळला असला तर तो चहास वापरीत नाही. चहा पितळी नव्हे, काचेच्या पेल्यात देतात. सोबत मागितल्यास भाजलेल्या शेंगा व गूळ, किंवा बाजरीची शिळी भाकरी व दही. शिळी भाकरी आवडीने मागून खाणारी शहरी माणसे पाहून म्हातारीस अजून विस्मय वाटतो.

या म्हातारीबद्दल लिहिले पाहिजे. वय ऐंशीच्या पुढे. कट्ट्याच्या टोकास घोंगडीवर बसलेली असते. पहिले वर्षभर ती चहागृहाकडे फिरकलीच नाही. मी विचारले, "मावशी, चहाचा धंदा तुम्हांस पसंत नव्हता म्हणे?" ती म्हणाली, "भाऊसाहेब, दारात आलेल्याला पानी इचारावं का पैसं? आमच्या मालकांनी वाटसराला कदी रस इकला न्हाई. आता पोरगं दोन रुपयांचा हिसाब करतंय." तिने आपल्यापुरता तोडगा काढला आहे. प्रत्येक येणाऱ्यास गुळाचा खडा व तांब्याभर पाणी ती स्वतः देते, आणि त्याचे पैसे लावू देत नाही. चहा हा सुनेचा, गूळ-पाणी तिचे. पोटापाण्याचा व्यवहार आणि घरची रीत यांची सीमा एवढी स्वच्छ आखलेली मी तरी मोजणीच्या नकाशावरसुद्धा क्वचितच पाहिली.

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमचा तालुका पावसाच्या हिशेबाने दुष्काळी; जे काही हिरवे दिसते ते खडकवासल्याच्या मुठा उजव्या कालव्याचे, भीमेचे व विहिरींचे. खडकवासल्याचे धरण सन 1879 चे. तेव्हा पुणे शहर केवढे होते व आज केवढे आहे! शहर वाढले तसे स्वच्छ पाणी तिकडे राहू लागले आणि त्याचे वापरलेले पाणी मुळा-मुठेतून व जुन्या कालव्यातून आमच्याकडे येऊ लागले. नदीवर जलपर्णीची चादर, काठच्या विहिरींस वास. असल्या पाण्याचा चहा कोणास द्यावयाचा? या मालकांनी विहिरीचे पाणी तपासून घेतले, ते पिण्यास योग्य न ठरल्यावर गाळणीयंत्र बसविले. कट्टे, पत्रा व भांडी यांपेक्षा त्यावरच अधिक खर्च झाला असे ते सांगतात. शहरातील पाहुणा आपल्याच शहराचे पाणी शुद्ध करून दिलेला चहा पितो व गावच्या हवेची स्तुती करून जातो.

हिशेबाचे म्हणाल तर मी केवळ नमुना मांडतो; वाचकांनी आपापल्या ठिकाणचे भाव घालून पाहावे. एक लिटर दूध व तितकेच पाणी धरले तर आटून 100 मिलिलिटरचे सुमारे 18 पेले निघतात. दूध 35 रुपये, चहाची पूड 22, गूळ 13, जळण व किरकोळ 15, मिळून 85 रुपये खर्च. पेल्यास 15 रुपये घेतले तर 270 येतात, शिल्लक 185. हेच लिटर डेअरीत घातले तर मिळावयाचे ते 35. आणि तेही केव्हा मिळतील याची शाश्वती नाही, कारण सन 2024 मध्ये दर इतके कोसळले की शासनास लिटरमागे प्रथम 5 व पुढे 7 रुपये अनुदान द्यावे लागले. येथवर ऐकून कोणीही उद्याच पत्रा आणावयास निघेल. परंतु पेले खपले पाहिजेत. एक माणूस दिवसभर अडकला, त्याची मजुरी 400 रुपये धरली, तर दोन लिटर खपूनही ती निघत नाही. तीन लिटर, म्हणजे 54 पेले खपतील तेव्हा मजुरी जाऊन 155 रुपये उरतात. शनिवार-रविवारी ते सहज होते. मंगळवारी दुपारी कट्ट्यावर कावळे बसतात. म्हणून घरच्या बाईची मजुरी हिशेबात न धरता 'फायदा झाला' म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे, आणि ती आपल्या समाजात सर्रास होते. या मळ्यावर सुनेच्या नावाने रोजची मजुरी वहीत खर्ची पडते व तिच्या खात्यात जाते. हे मला सर्वांत आवडले.

कागदपत्रांविषयी मजकडे पुष्कळ बंधू विचारणा करतात. शेतावर धंदा म्हटला की जमीन महसूल अधिनियम, सन 1966 चा, आडवा येतो. बिनशेतीचे नियम गेल्या काही वर्षांत पुनःपुन्हा बदलले असल्याने शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर न जाता तहसील कचेरीत चालू नियम लेखी विचारावा. (गावचे तलाठी सन 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी झाले, लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात.) शासनाने सन 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण काढले आहे, किमान एक एकर शेती असणाऱ्या खातेदारास पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. खाद्यपदार्थ विकावयाचे तर सन 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली लहान धंद्यासही नोंदणी लागते, चहास सूट नाही. रस्त्यालगत बांधताना सडकेच्या मध्यापासून किती अंतर सोडावयाचे ते बांधकाम खात्याकडून आखून घ्यावे. रस्ता रुंद होण्याच्या बातम्या आल्यावर पत्रा काढणाऱ्यांची तोंडे मी पाहिली आहेत.

याहून महत्त्वाचे ते सामाईक खात्याचे. उतारा दोघा-तिघा भावांच्या नावे, वाटप झालेले नाही, आणि एकजण रस्त्याकडेच्या सर्वांत मोलाच्या जागेवर बांधकाम करतो. आज गोडी असते तोवर कोणी बोलत नाही. चहा चालू लागला की 'तो तुकडा माझ्या वाट्याचा' हे शब्द निघतात. न चालला तर खर्च कोणाच्या डोक्यावर, म्हणून निघतात. सहहिस्सेदारांची संमती लेखी घेतल्यावाचून एक वीटही ठेवू नये.

हेच या मळ्याचे खरे दुखणे आहे, आणि त्यासाठीच मी तेथे दिवसभर थांबलो. अकरा एकरांचे दोघे भाऊ धनी. थोरला मळ्यावर, धाकटा हडपसरकडे नोकरीस. तीन वर्षांपूर्वी रस्त्याचा चाळीस गुंठ्यांचा तुकडा विकत मागावयास प्लॉटवाला आला. त्याने सांगितलेली रक्कम ऐकून धाकट्याचे मन झाले. शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसास दोष कसा द्यावा? थोरल्याचे म्हणणे, विहिरीचा रस्ता त्याच तुकड्यातून; तो गेला की मागील दहा एकर कोंडले जातील. ज्या भीमथडीत सन 1875 साली सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्या भीमथडीत आज जमीन कोणी सक्तीने लिहून घेत नाही. उलट गोड बोलून, रोख मोजून घेतात, आणि ती परत येण्याचा मार्ग पूर्वीइतकाच बंद असतो. मागे जमिनीस तुकडेबंदीचा सन 1947 चा कायदा आहे, पुढे वाटपाची दरखास्त आहे, मध्ये म्हातारी आहे.

शेवटी आईसमोर ठरले ते असे. थोरल्याने त्या तुकड्यावर चहागृह काढावे. दोन वर्षे जमाखर्च दोघांनी पाहावा. जी शिल्लक राहील तीत धाकट्याचा निम्मा वाटा. दोन वर्षांनी धाकट्यास ते न परवडले तर तुकड्याचा पुन्हा विचार व्हावा. त्यांनी हे तोंडी ठरविले होते. मी ते साध्या कागदावर लिहवून दोघांच्या व आईच्या सह्या घेतल्या व साक्षीदार घातले.

मी होतो त्या रविवारी धाकटे बंधू बायको-मुलींसह आले होते. प्रथम ते गिऱ्हाइकासारखे कट्ट्यावर बसले व वहिनींनी चहा दिला तो मुकाट्याने प्याले. दुपारी गर्दी वाढली तेव्हा त्यांची धाकटी मुलगी सुट्या पैशांच्या डब्याजवळ जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. ते मला एकीकडे घेऊन म्हणाले, "भाऊसाहेब, दादा म्हणतात तो हिशेब खरा आहे का, तेवढं तुम्ही सांगा. चहावर जमीन राहते का?" मी वही चाळली होती. गेल्या उन्हाळ्यात चार महिने जवळजवळ काही नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चांगले. हुरड्याच्या दिवसांत उत्तम. प्लॉटवाल्याच्या रकमेचे बँकेतील व्याज यापेक्षा जास्त येईल, हे मी त्यांस स्पष्ट सांगितले. त्या व्याजात विहिरीचा रस्ता मिळत नाही, हेही सांगितले. ते काही बोलले नाहीत. डब्याजवळच्या मुलीकडे पाहत राहिले.

या धंद्यास माझे एकच भय वाटते. इटलीने सन 1985 मध्ये शेतावरील पाहुणचारासाठी कायदा केला, तेव्हा त्यात अशी अट घातली की शेती मुख्य राहिली पाहिजे व पाहुणचार तिच्या जोडीचा. आमच्याकडे चौफुल्यापासून पाटसापर्यंत रस्त्याने जा. कित्येक ठिकाणी शेताच्या नावावर नुसते धाबे आहेत, मागे गवत माजलेले आणि पुढे रंगीत दिवे. रात्री कोण बसते व काय पितो ते सांगावयास नको. या मळ्यावर चहागृह दिवे लागणीस बंद होते, आणि ऊस तुटावयाचा असेल त्या दिवशी उघडतच नाही. दारावर खडूने 'आज तोड आहे' एवढे लिहिलेले असते. पुण्याहून मोटार घेऊन आलेले लोक ते वाचून रागावतात. रागावोत.

गुऱ्हाळ दिवाळीनंतर पेटते. ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जावे, म्हणजे मालकांस बोलावयास सवड असते. करारातील दोन वर्षांची मुदत येत्या गुढीपाडव्यास भरते. वही म्हातारीच्या पेटीत असते व किल्ली तिच्या कनवटीस.